तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांना तिथे का नेलं

"चीनला नेलंस आणि भिंत दाखवली नाहीस?" हा प्रश्न मला पहिल्यांदा बाबांच्या दहाव्याला विचारला गेला. त्यानंतर लग्नात, गणपतीत, एकदा तर लोकलमध्ये. 2025 च्या ऑक्टोबरात चीनची थेट विमानं पुन्हा सुरू झाल्यापासून तो जास्तच येतो, कारण ज्याला त्याला आता बीजिंग-शांघायचं पॅकेज दिसतंय. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आमचं मिठागर तुम्हाला माहीत आहे. आता तिथे कंटेनर उभे असतात, ते पुन्हा सांगत नाही. बाबांनी उभी हयात मीठ ओढलं. मी कामानिमित्त चीनला जायचो, तेव्हा युन्नान या नैऋत्येकडच्या प्रांतातल्या हेइजिंग या गावाबद्दल कळलं. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, पण गाव मिठावर उभं राहिलेलं. नावाचा अर्थच 'काळी विहीर'. कुणा गुराखी मुलीचं काळं जनावर एके ठिकाणी जमीन चाटत राहिलं आणि तिथे खारं पाणी सापडलं, अशी कथा सांगतात. मिंग आणि छिंग राजवटींत तिथल्या मिठावरच्या करानं सरकारी तिजोरी भरायची. हे वाचलं आणि ठरवलं, बाबांना इथे न्यायचं. भिंत त्यांनी फोटोत पाहिली होती आणि त्यांना तिचं काही वाटलं नव्हतं.

2019 चा ऑक्टोबर. बाबा 74 वर्षांचे. कुनमिंगहून प्रत्येक लहान स्टेशनवर थांबणारी गाडी पकडली. मार्ग 1970 चा, डोंगर पोखरून नेलेला. स्टेशनपासून गावात घोडागाडीनं जायचं. खाली लोंगछुआन नदी, दोन्ही बाजूंना कोरडे तांबडे डोंगर, लाल दगडाची अरुंद गल्ली. बाबा गाडीत गप्प होते, पण मान सारखी वळत होती.

आता त्या रात्रीबद्दल. तुम्ही ती ऐकली आहे, पण माझ्याकडून नाही.

गावात राहायला खोली शोधायला निघालो तोवर अंधार पडला होता आणि पाऊस लागला होता. पहिल्या ठिकाणी बाईनं पासपोर्ट पाहिले आणि हात हलवला. मी फोनवर भाषांतर करून दाखवलं, पैसे दुप्पट देतो म्हटलं. तिनं दार लोटलं. दुसऱ्या ठिकाणी एक तरुण मुलगा होता. त्यानं निदान फोनवर लिहून दाखवलं: परदेशी पाहुण्यांची नोंद करता येत नाही. बाबा वळचणीखाली बॅगेवर बसले होते. पायातले बूट भिजलेले. ते काही विचारत नव्हते, आणि मला तेच सहन होत नव्हतं. मी त्या मुलावर ओरडलो. मराठीत. त्याला एक अक्षर कळलं नसेल, पण तो मागे सरकला. बाबा म्हणाले, "त्याच्यावर नको. घरी चल." घरी! जणू पुढच्या गल्लीत घर होतं.

तिसऱ्या ठिकाणच्या आजींनी आधी आम्हाला आत घेतलं आणि मग पोलिसांना फोन केला. अकराच्या सुमारास एक पोलीस आला, पासपोर्टचे फोटो काढले, आजींशी बराच वेळ बोलला आणि गेला. आजींनी बाबांच्या पायांशी गरम पाण्याचं घमेलं ठेवलं.

मी मात्र तोवर भावकीच्या ग्रुपवर लिहून मोकळा झालो होतो: "इथे माणुसकी नाही." रोमिंगवर तेवढं बरोबर पोचलं. तो मेसेज आजही मला दाखवला जातो. "तूच लिहिलं होतंस ना?" हो, मीच. पण ते लिहिणाऱ्याला मी विचारतो, की नागावला चुलतभावाच्या कॉटेजवर ते परदेशी जोडपं आलं होतं, त्यांना "सी फॉर्म भरायची कटकट नको" (परदेशी पाहुण्याची माहिती कळवायचा फॉर्म) म्हणून त्यानं परत पाठवलं, तेव्हा तू कुठे होतास? तिथेच होतो, ओसरीवर. चहा पीत होतो. तिकडे परदेशी पाहुण्याची नोंद चोवीस तासांत पोलिसांकडे व्हावी लागते, इकडेही चोवीस तासांतच कळवावं लागतं. कायदा मला माहीत होता. तरी बाबांचे बूट आठवले की मला अजून त्या बाईचा राग येतो. दोन्ही खरं आहे.

आणि चूक माझीच. 74 वर्षांच्या माणसाला घेऊन जाताना आधी विचारून खोली ठरवायला हवी होती. एवढं मान्य. पण "तिथे न्यायलाच नको होतं" हे मान्य नाही.

कारण दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि बाबा मिठाच्या भट्टीपुढे उभे राहिले. तिथे विहिरीतलं खारं पाणी कढईत आटवायचे, शेकडो वर्षं, लाकडं जाळून. त्यात आसपासची रानं गेली. कढईच्या आकाराचा मिठाचा गड्डा बाबांनी उचलून पाहिला, बोटानं चाखला, आणि डोंगराकडे बघून म्हणाले, "उन्हाचं काम लाकडाला दिलं होतं यांनी." आमच्याकडे उधाणाचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत घ्यायचं आणि उन्हावर सोडायचं. जळण लागत नाही, पण एक अवकाळी सर आली की महिन्याचं काम वाहून जातं. हा हिशोब त्यांनी एका वाक्यात केला. भिंतीवर त्यांना असं काय बोलता आलं असतं?

नंतर युन्नानमधल्याच जिआनशुईला भाजलेले टोफूचे तुकडे खाल्ले. तिथे विकणारी बाई किती खाल्ले ते मक्याचे दाणे टाकून मोजते, ते त्यांना फार आवडलं. युआनयांगला 'हानी' नावाच्या जमातीची डोंगरउतारावरची भातखाचरं पाहिली, 2013 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली. बाबा सूर्योदयाकडे पाठ करून बांध बघत होते: पाणी वरच्या रानातून येतं, मग खालच्या वाफ्याला आधी कोण सोडतं?

हे प्रश्न विचारणारा दुसरा माणूस मला माहीत नव्हता. म्हणून नेलं.

पण हेइजिंगमधला एक प्रश्न राहिला. भट्टीजवळ एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बाबा मला म्हणाले, "यांना विचार, मीठ भिजून गेलं तर मजुराचा रोज कापायचे का?" आमच्याकडे कापायचे. मी फोन काढला, भाषांतर धड येईना, गाडीची वेळ झाली होती, घोडागाडीवाला हाका मारत होता. मी म्हटलं, "राहू दे बाबा, चला." ते निघाले. गाडीत बसल्यावर त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, "काय म्हणाले असते ते?"