एकोणीस विजयांचा हंगाम

एप्रिल २०२४ मध्ये सॅन होजे शार्क्स या इथल्या, कॅलिफोर्नियातल्या आईस हॉकी संघाचा २०२३-२४ चा हंगाम संपला. ८२ सामने, १९ विजय, ५४ पराभव, आणि ९ सामने जादा वेळेत किंवा शूटआऊटमध्ये (बरोबरी सुटावी म्हणून एकेकाने गोल मारण्याच्या फेरीत) गमावलेले. एकूण ४७ गुण. लीगमधल्या ३२ संघांत शेवटचा नंबर. त्यानंतर काही दिवसांतच प्रशिक्षक डेव्हिड क्विन यांनाही काढलं. आणि त्याच महिन्यात मी आयपीएलमध्ये वानखेडेवर मुंबई इंडियन्सच्याच कर्णधाराची हुर्यो उडवलेली टीव्हीवर पाहिली. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना चिकटून बसल्या आहेत, म्हणून लिहायला बसलो.

आईस हॉकीशी माझा संबंध माझ्या मुलामुळे, ईशानमुळे आला. शाळेतल्या मित्राच्या वाढदिवसाला तो बर्फावर स्केटिंग करायला गेला आणि तिथून हे वेड घरी घेऊन आला. मोरपिशी जर्सी, पाठीवर शार्क्सच्या टोमास हर्टलचा ४८ नंबर. शार्क्सचे खेळाडू मैदानात उतरतात ते एका अवाढव्य शार्कच्या जबड्यातून, धूर आणि संगीताच्या गदारोळात. नऊ वर्षांच्या मुलाला आणखी काय हवं?

हंगामाची सुरुवात ऑक्टोबरात झाली आणि संघ हरतच सुटला. पहिल्या दहा सामन्यांत मिळून एकच गुण मिळाला, तोही कोलोरॅडोविरुद्ध शूटआऊटमध्ये हरल्याबद्दल. २ नोव्हेंबरला व्हँकुव्हरने घरच्या मैदानावर १०-१ ने धुतलं. त्याच दिवशी सकाळी आम्ही भारताने वानखेडेवर श्रीलंकेला ५५ धावांत गुंडाळलेलं टीव्हीवर पाहिलं होतं. घरात सकाळी पेढे आणि रात्री सुतक. क्रिकेटच्या विश्वचषकात आपण एकही सामना हरत नव्हतो आणि ईशानचा संघ एकही जिंकत नव्हता.

शनिवारी, ४ तारखेला, पिट्सबर्गविरुद्धच्या सामन्याची तिकिटं आधीच काढलेली होती. कॅलट्रेनने डिरिडॉन स्टेशनला उतरलो आणि चालत एसएपी सेंटरला, शार्क्सच्या घरच्या मैदानात गेलो. दुसरं सत्र संपेपर्यंत ईशानने बोलणं बंद केलं होतं. तिसऱ्या सत्रात रांगाच्या रांगा उठून निघू लागल्या. मीही त्याचं जॅकेट हातात घेतलं. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते, त्यांची जर्सी धुऊन धुऊन फिकी पडलेली. ते ईशानकडे वाकून म्हणाले, "अजून अकरा मिनिटं आहेत. ही पोरं अजून पळतायत ना? मग आपणही बसू."

आम्ही बसलो. १०-२ ने हरलो. सलग दोन सामन्यांत दहा-दहा गोल.

त्या अकरा मिनिटांत शेजारच्या या आजोबांनी ईशानला जे सांगितलं ते मला कुठल्याही कौतुकाच्या भाषणापेक्षा मोठं वाटतं. शार्क्स १९९१ साली सुरू झाले तेव्हा सॅन होजेत मैदानच नव्हतं. पहिले दोन हंगाम डेली सिटीच्या काऊ पॅलेसमध्ये खेळले. आजोबा तेव्हापासूनचे. १९९२-९३ चा दुसरा हंगाम: ८४ सामने, ११ विजय, ७१ पराभव. ७१ पराभवांचा तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. त्यातले १७ पराभव तर ओळीने. "आणि पुढच्या वर्षी काय झालं माहितीये?" ईशानने मान हलवली. पुढच्या वर्षी नव्या मैदानात आले, कसेबसे प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत शिरले आणि पहिल्याच फेरीत बलाढ्य डेट्रॉइटला सात सामन्यांत हरवलं. सांगताना आजोबांचा आवाज बदलला. तीस वर्षांपूर्वीचा एक विजय, आणि तो माणूस अजून त्याच्यावर जगतोय. या संघाने आजवर एकदाही स्टॅन्ली कप, म्हणजे या लीगचा विजेतेपदाचा करंडक, जिंकलेला नाही. २०१६ साली अंतिम फेरीत पोचले, तिथे याच पिट्सबर्गने हरवलं. आजोबांचं तिकीट मात्र दरवर्षी ठरलेलं.

आणखी एक गोष्ट मी पाहिली. पिट्सबर्गकडून त्या दिवशी एरिक कार्लसन खेळत होता. आदल्या हंगामात त्याने शार्क्सकडून स्वतःचे गोल आणि गोलला केलेली मदत मिळून १०१ गुण मिळवले, सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक जिंकला आणि ऑगस्टमध्ये तो पिट्सबर्गला गेला, कारण त्याला जिंकणाऱ्या संघात खेळायचं होतं. आजोबांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मलाही ते पटलं. माणूस आपलं काम चोख करून चांगल्या संधीसाठी दुसरीकडे गेला तर त्याने कुणाचा विश्वासघात केला? पाठीमागे राहिलेल्यांवरचं त्याचं प्रेम कमी झालं असं कुणी का धरून चालावं? हे मी कार्लसनबद्दलच लिहितोय, पण ठाण्याचं घर सोडून नऊ वर्षं झालेल्या कुणालाही ते सुचलं असतं.

घरी आल्यावर बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "दहा गोल खाल्ले? आणि तुम्ही शेवटपर्यंत बसलात?"

त्यानंतर तीनच दिवसांनी, ७ नोव्हेंबरला सकाळी, त्यांचाच फोन. वानखेडेवर ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१ झाल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला होता आणि मग मॅक्सवेलने नाबाद २०१ धावा ठोकल्या. "पंचावन्न वर्षं क्रिकेट बघतोय आणि नेमका आजच उठलो," असं चारदा म्हणाले. त्याच संध्याकाळी आमच्याकडे चकल्यांचा घाणा चालू होता आणि टीव्हीवर शार्क्सने फिलाडेल्फियाला २-१ ने हरवलं. बारावा सामना, पहिला विजय. मैदानातली माणसं करंडक मिळाल्यासारखी ओरडत होती. ईशानने मला मिठी मारली ती सुटेना. दिवाळी आमच्याकडे पाच दिवस आधीच आली.

आता वानखेडेबद्दल. हार्दिक पंड्याला आपल्याच घरच्या प्रेक्षकांनी हिणवलं, नाणेफेकीच्या वेळी मांजरेकरांना लोकांना समजवावं लागलं, हे बघून मला लाज वाटली. ऑफिसातल्या एकाने विचारलं, "तुमच्याकडे नेहमी असं करतात?" आणि मी तडक आपली बाजू घेतली. खरंय, २००७ च्या विश्वचषकातल्या पराभवानंतर रांचीत धोनीच्या घरावर लोक चालून गेले होते. पण २०११ साली स्टॅन्ली कपचा अंतिम सामना हरल्यावर व्हँकुव्हरमध्ये गाड्या जाळल्या, दुकानं लुटली, ती माणसं कोण होती? कॅनडातलीच ना! आणि वानखेडेवरचा तो आवाज मुळात रोहितवरच्या प्रेमाचा होता. त्याच्या हातून कर्णधारपद काढून घेतलं ते पोरांच्या जिव्हारी लागलं. मी आज गिरगावात राहत असतो तर मीही "रोहित, रोहित" ओरडलो असतो. फक्त दुसऱ्याची हुर्यो उडवली नसती, असं मला वाटतं.

१९ नोव्हेंबरची रात्रही मला विसरता येत नाही. अहमदाबादचा अंतिम सामना बघायला आम्ही तीस-चाळीस मराठी माणसं एका हॉलमध्ये जमलो होतो. सलग दहा विजयांनंतरचा तो सामना. ऑस्ट्रेलियाच्या हेडचं शतक झालं तसे लोक बूट घालू लागले. आम्हीही निघालो. गाडीत ईशान म्हणाला, "बाबा, अजून ओव्हर्स बाकी होत्या." मी त्याला म्हटलं, आपल्या माणसांना तसं हरताना बघवत नाही. ते खोटं नव्हतं.

मार्चमध्ये हर्टललाही लास व्हेगासला पाठवून दिलं. इथेच मला या पद्धतीचा खरा राग येतो. शेवटच्या क्रमांकाच्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला नंबर मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त, २५.५ टक्के. त्यामुळे तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, बॉस्टन युनिव्हर्सिटीकडून खेळणारा, तेव्हा सतरा वर्षांचा मॅकलिन सेलेब्रिनी. फेब्रुवारीपासून ऑफिसात लोक सहज म्हणायचे, यंदा हरलेलंच बरं. मला हे पचत नाही. पक, म्हणजे हॉकीची ती कडक चकती, अडवायला आडवा पडून अंगावर जखमा घेणाऱ्या पोराला तुम्ही हे तोंडावर सांगाल का? दुबळ्यांना वर यायची संधी हवी हे मान्य, आणि पैसेवाल्यांनीच सगळं उचलून नेण्यापेक्षा ही रीत न्यायाची आहे हेही मान्य. पण आपला संघ हरावा अशी इच्छा धरून सामना बघणं मला जमणार नाही. आजोबांनाही जमत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला भेटले तेव्हा मी विचारलं, तर म्हणाले, "मी इथे जिंकायला येतो."

पुढच्या हंगामासाठी आम्ही त्यांच्याच रांगेत दहा सामन्यांची तिकिटं घेतली आहेत. ईशानसाठी नवी जर्सी घेऊ या का, असं हिने विचारलं. त्याने ४८ नंबरची घडी घालून खणात ठेवली आणि म्हणाला, ही अजून मला होते.