दिवा लावला की नेट जातं

देवरुखजवळच्या एका वाडीतली ही तक्रार माझ्याकडे चार वेळा आली. चौथ्या खेपेला ती मिटली, त्याला आठ दिवस झाले, तरी डोक्यातून जात नाही. कारण काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दिवा लावला की तुझं नेट जातं बघ." मी ऐकलं आणि भलतीकडेच शोधत बसलो.

मी फायबर जोडणीचं काम करतो. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर खांबावर असतो. पण जोडायला पंधरा मिनिटं पुरतात. तार कुठे तुटली हे शोधण्यात दुपार जाते. कोकणातल्या पावसात फांदी पडते, माकडं तारेला लोंबकळतात, रस्त्याच्या खोदकामात जेसीबी केबल उपटून काढतो. शिवाय ऑफिसला तक्रार ठरलेल्या वेळेत बंद झालेली हवी असते. नेट खरंच चालू झालं का, हे कोणी विचारत नाही. सकाळी अकराला जायचं, स्पीड टेस्टचा फोटो पाठवायचा, की तक्रार बंद. ज्या घरात नेट संध्याकाळी जातं तिथे अकराचा फोटो काय कामाचा?

घर जुनं, चिऱ्याचं, भिंती दीड फुटाच्या. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर. काका माजघरातल्या खाटेवर. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उठता येत नाही, बोलताही येत नाही. मुलगा मस्कतला. तिथली वेळ आपल्या दीड तास मागे, त्यामुळे तो सहाला कामावरून सुटला की इथे साडेसात होतात आणि त्याचा व्हिडिओ कॉल येतो. काका बोलत नाहीत, पण मुलगा दिसला की उजवा हात उचलतात. वाडीत मोबाईलची रेंज पडवीच्या कठड्यापाशी जेमतेम एक काडी. माजघरात काही नाही. या घराला वायफाय लागतं ते त्या कॉलसाठी.

पहिल्या खेपेला मी फायबर सोडवून पॉवर मीटर लावला, तो तारेतून येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजतो. उणे १९ डीबीएम. हा आकडा उणेत जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर. उणे २७ पर्यंत चालतं, म्हणजे लाइन उत्तम. तरी पॅचकॉर्ड, म्हणजे राउटरला जोडणारी छोटी फायबर तार, बदलली. दुसऱ्या खेपेला काकूंचं 'दिवा लावला की' आठवलं आणि मला वाटलं, सांजेला सगळ्या वाडीत दिवे लागतात, व्होल्टेज पडत असणार. राउटरचा अडॅप्टर मल्टिमीटरवर तपासला, बारा व्होल्ट चोख. तोही बदलला. तिसऱ्या खेपेला त्यांना दोन हजारांचा रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, घ्यायला लावला आणि माजघराच्या प्लगला खोचला. दुपारी बारा वाजता काकांच्या खाटेवर झकास रेंज. काकूंनी पोह्याचे पापड बांधून दिले. त्याच संध्याकाळी कॉल पुन्हा तुटला.

चौथ्या खेपेला वेळेवर पोचलो ही माझी हुशारी नव्हती. संगमेश्वरकडे लाइनवर झाड पडलं होतं, ते उरकून परतताना साडेसहा झाले आणि वाडी वाटेत होती. काकू म्हणाल्या, "आलास ते बरं केलंस. आता बस आणि बघ."

मी रिपीटर काढून ठेवला आणि खाटेच्या उशापाशी मोबाईलवर सिग्नल मोजायचं ॲप उघडून बसलो. आकडा उणे ५८ च्या आसपास हलत होता. व्हिडिओ कॉलला उणे ६७ पर्यंत चालून जातं, हा तर त्याहून बराच चांगला. अंधारून आलं. काकूंनी हातपाय धुतले, पुढे गेल्या आणि पडवीच्या बाजूचं जाळीचं दार ओढून घेतलं. मग देवघरात निरांजन लावलं. मी आकड्याकडे पाहिलं. उणे ८१.

"काकू, ते दार उघडा जरा."

"अरे, डास येतील."

"एकदाच उघडा."

उणे ५९. लावा. उणे ८०. उघडा. उणे ५८. आम्ही दहा-बारा वेळा केलं. काका मान वळवून आमच्याकडे पाहत होते.

लाकडी दार सांजेला कधीच लावत नाहीत, लक्ष्मीची वेळ म्हणून सताड उघडं. म्हणूनच माझ्या मनात दार आलं नाही. त्याच चौकटीला बाहेरून जाळीचं दार आहे. आधी तिथे नायलॉनची जाळी होती, ती मांजराने फाडली. यंदा मिरगाच्या आधी ॲल्युमिनियमची चौकट करून त्यात स्टीलची जाळी बसवली. पडवीकडच्या खिडकीलाही तीच. आणि राउटर पडवीत, कारण जोडणी देणाऱ्याने तार सगळ्यात कमी लागेल तिथे तो ठोकून दिला. आमच्या धंद्यातली ही सवय मला मनापासून खटकते. दहा मीटर तार वाचवायची आणि घरातल्यांनी वर्षानुवर्षं राउटरजवळ जाऊन फोन करायचे. राउटर कुठे हवा हे आधी विचारायला दोन मिनिटं लागतात.

चिऱ्याचा दगड सच्छिद्र, पावसात पाणी धरून ठेवतो, आणि पाणी वायफायच्या लहरी गिळतं. दीड फुटाच्या ओल्या भिंतीतून फारसं काही पार होत नाही. दिवसभर माजघरात जे नेट पोचत होतं ते भिंतीतून नाही, उघड्या दारातून. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, म्हणजे वीतभरही नाही, आणि जाळीचं भोक मिलिमीटरभराचं. धातूच्या एवढ्या बारीक जाळीवर ही लहर आपटून बहुतेक सगळी मागे फिरते. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, म्हणून जाळीतून अंगण स्वच्छ दिसतं आणि आपण फसतो. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या काचेत जी भोकांची जाळी असते ती यासाठीच. त्यातल्या लहरी वायफायच्याच आसपासच्या, २.४५ गिगाहर्ट्झच्या. ॲपवरचा आकडा डेसिबलमधला. दहा डेसिबल घटले की शक्ती दहा पट घटते. इथे बावीस घटत होते. शंभरातला एक भागही आत येत नव्हता.

मी दिलेला रिपीटरही त्याच दारातून सिग्नल घेत होता. दार लागलं की तोही उपाशी. तरी फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसायच्या, कारण त्या फोन आणि रिपीटरमधल्या. राउटरपर्यंतचा दुवा तुटलेला आहे हे फोन दाखवतच नाही.

काकूंना मी जाळी काढा म्हणालो नाही. पावसाळ्यात डेंग्यूचे डास असताना खाटेवरच्या माणसाच्या घरात जाळी हवीच. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून कॅट-६ केबल, म्हणजे नेटची आठ तारांची केबल, घेऊन गेलो. शुद्ध तांब्याचीच घेतली. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल सर्रास खपवतात. ती वाकवली की आतून तुटते आणि कोकणच्या दमट हवेत टोकं खराब होतात. पडवीतून वाशांच्या कडेने पीव्हीसी पाइपातून केबल आत नेली, माळ्यावर उंदीर आहेत म्हणून. चौदा मीटर लागली. टोकं मी नेहमी सावकाश करतो, कनेक्टरमध्ये आठ तारा याच क्रमाने: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारा दोन-दोनच्या जोडीने पिळलेल्या असतात, तो पिळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही, कारण एका जोडीचा गोंधळ दुसरीत जाऊ नये म्हणूनच तो पिळ असतो. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर वर्षभरात ओढ बसून तारा निसटतात. टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागले तेव्हा जिवाला बरं वाटलं.

तोच रिपीटर आता ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे नेट हवेतून नाही, तारेतून घ्यायचं, आणि केबल त्याला जोडली. त्याचं डीएचसीपी, म्हणजे प्रत्येक फोनला नेटवर्कमधला पत्ता द्यायचं काम, बंद केलं. ते पडवीतल्या राउटरनेच करायचं. घरात दोन यंत्रं असे पत्ते द्यायला लागली की कधी चालतं, कधी नाही, आणि कारण सापडत नाही. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच. दोघांच्या लहरी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून पडवीत चॅनल १, माजघरात ११. लोखंडी कपाटापासून लांब, खाटेच्या पायथ्याशी उंचावर बसवला. जाळीचं दार बंद, खाटेवर उणे ४१.

साडेसातला कॉल आला. चाळीस मिनिटं चालला, एकदाही अडकला नाही. काकांचा हात दोनदा वर गेला. मजुरी मी घेतली नाही. काकूंनी विचारलं, "मग दिव्याचं खरं होतं ना रे?" मी हो म्हणालो. निरांजन लावायच्या आधी त्या जाळी ओढतात, उजेडावर पाखरं येतात म्हणून. त्यांनी वेळ अचूक सांगितली होती. त्या वेळी घरात आणखी काय काय होतं, एवढं विचारायचं माझ्याकडे राहिलं.

'फक्त संध्याकाळी' असं लिहिलेल्या माझ्या दोन जुन्या तक्रारी 'सिग्नल ओके' म्हणून बंद आहेत. परवा एका घरी गेलो, तिथेही स्टीलची जाळी निघाली. दुसऱ्या घराच्या दाराला जाळी नाही. तिथे आज दिवेलागणीला जाऊन बसणार आहे.