चेर्वेतेरीचे मातीचे दांपत्य

रोमच्या व्हिला जूलिया संग्रहालयातली दांपत्याची शवपेटी आज पुन्हा बारकाईने बघत बसलो. एट्रुस्कनांची, म्हणजे रोमनांआधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांची ही भाजक्या मातीची पेटी; झाकणावर मंचकावर पहुडलेले नवरा-बायको. इ.स.पू. 520 च्या आसपासची. 1881 मध्ये रोमजवळच्या चेर्वेतेरी या एट्रुस्कन नगराच्या दफनभूमीत सापडली ती सुमारे 400 तुकड्यांत. लांबी 1.9 मीटर. एवढे मोठे काम एकसंध भाजायला घेतले तर तडकणारच. म्हणून झाकण आणि पेटी दोन्ही मधोमध उभी कापून चार भाग वेगवेगळे भाजले. कमरेजवळचा तो सांधा आजही दिसतो.

मातीकामात खरा घात होतो तो वाळताना. बोटे लवकर सुकतात, धड ओलेच राहते. आकसण्याचे प्रमाण जुळत नाही आणि जोडावरच तडा जातो. त्यावर उपाय म्हणजे आतून पोकळ घडवणे आणि मातीत भरड कण मिसळणे, म्हणजे ती कमी आकसते. वाफेला वाट ठेवली नाही तर भट्टीत तुकडे उडतात. वरून बारीक मातीचा लेप, मग रंग.

आता बाहेरून काय आले ते. लोडावर कोपर टेकून मेजवानी घेण्याची रीत पूर्वेची. अ‍ॅसिरियाची राजधानी निनेव्हे इथल्या शिल्पपटात, इ.स.पू. 645 च्या सुमारास, तिथला राजा अशुरबनिपाल असाच पहुडला आहे. राणी मात्र समोर खुर्चीवर. ग्रीकांनी ती रीत उचलली, पण त्यांच्या मद्यपानाच्या बैठकींत घरच्या बायकोला जागा नव्हती. इथे ती नवऱ्याच्या शेजारी, त्याच मंचकावर, आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर. हे एट्रुस्कनांचे स्वतःचे. बदामी डोळे, ओठांवरचे स्मित, पाठीवर रुळणाऱ्या वेण्या आयोनियन, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्रीकांच्या वळणाच्या. त्या काळात आयोनियातले कारागीर चेर्वेतेरीत येऊन घडे रंगवत होते. तरीही या कामाला 'ग्रीक नक्कल' म्हणणे मला अजिबात पटत नाही. कमरेखाली देह जवळजवळ सपाट, पाय नुसते पसरलेले. सगळा जीव चेहऱ्यांत आणि हातांत ओतला आहे. हातांतल्या वस्तू गेल्या, पण बोटे अजून काहीतरी देता-घेतानाच्या बेतात वाकलेली आहेत.

पुढे इ.स.पू. दुसऱ्या शतकात क्युसी या एट्रुस्कन नगरात साच्यांतून छोटे अस्थिकलश निघू लागले. पुढच्या बाजूला तेच ते ग्रीक कथेतल्या दोन भावांचे द्वंद्व, झाकणावर पहुडलेली आकृती. माणूस वेगळा ठरायचा तो उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या एट्रुस्कन नावावरून.