काकानू, आवाज गेलो!

नारळी पौर्णिमेला मालवणात इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचं दुकान उघडं ठेवण्यात फारसा अर्थ नसतो. दुपारनंतर सगळं गाव बंदरावर. किल्ल्यावरून मानाचा नारळ येतो, तो समुद्राला गेला की बाकीच्यांचे नारळ, मग जेटीवर नारळ लढवायची झुंबड. मीही शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात फोन वाजला.

"काकानू, आवाज गेलो. लाईट पेटता, पंखो फिरता, पण आवाज नाय. जोरात मारलंय तर येता, मगे परत जाता…"

"येतंय," म्हणालो आणि फोन ठेवला. त्याचं शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं, पण डोक्यात घेतलं नव्हतं. ते दोन तासांनी महागात पडलं.

पोरगा देवबागचा. पर्यटकांच्या हंगामात स्कूबाच्या होडीवर असतो, पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. त्याचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, पंधरा इंची स्पीकरचा, तीनशे वॉटचा धोंडा, गोव्याहून सेकंडहँड आणलेला. देवबाग ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको: पुढे समुद्र, मागे कर्लीची खाडी आणि मध्ये माडांची एक चिंचोळी पट्टी. त्या घरात हा अँप आठ महिने पडवीत झाकून असतो. झाकतात कशाने, तर जुन्या चादरीने.

मालवणातल्याच मेढ्यातल्या मांडवात पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. कार्यक्रम आठला.

आधी सोपं ते. गिटार ॲक्टिव्ह होती, म्हणजे आत नऊ व्होल्टची बॅटरी. बरेच जण वाजवून झाल्यावर केबल गिटारला तशीच लावून ठेवतात. तिथे केबल हाच बॅटरीचा स्विच असतो, त्यामुळे न वाजवताही बॅटरी उतरत राहते आणि एक दिवस "अँप बिघडला". मीटर लावला, ८.७ व्होल्ट. बॅटरी ठीक. केबल बदलली. ट्यूनरला लावल्यावर सुई हलत होती, म्हणजे गिटारही ठीक. स्पीकरच्या वायरी सुट्या करून दीड व्होल्टचा सेल टेकवला, तर कोन पुढे येऊन 'ठप्' वाजला. मीटरवर ६.२ ओहम. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण तेवढाच दाखवतो. स्पीकर शाबूत.

मिक्सरवाला म्हणाला, "डायरेक्ट घालूया मिक्सराक." अँपच्या लाइन-आउटमधून केबल टाकली तर तिकडे आवाज आला. म्हणजे गिटारकडून येणारा सिग्नल अँपचा पहिला भाग, प्री-अँप, नीट सांभाळत होता. पण त्याच्याकडे दहा इंचाचे दोन टॉप स्पीकर, खालचे सूर वाजवणारा सब-वूफर एकही नाही. बेसची जाड इ तार मोकळी वाजवली की ती ४१ हर्ट्झवर असते. त्या डब्यांतून ती यायची कुठून? नुसती फडफड ऐकू येत होती. पोरगा तोंड पाडून उभा.

इथवर माझं सगळं बरोबर होतं. प्री-अँप चांगला, स्पीकर चांगला, म्हणजे दुखणं पॉवर-अँपमध्ये, स्पीकरला ताकद देणाऱ्या भागात. असं मी ठरवलं आणि तिथेच घसरलो.

त्या पावसात माझ्याकडे आउटपुट रिलेच्या तीन केसेस येऊन गेल्या होत्या. अँप चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी 'टक्' असा आवाज येतो, तो रिले. आत सगळं ठीक असेल तरच तो स्पीकर जोडतो. त्याचे कॉन्टॅक्ट जळून काळे पडले की टक् होतं, पण आवाज जात नाही. चौथी केस हीच, असं मनाने आधीच घेतलं होतं.

मागचे स्क्रू काढले, चेसिस बाहेर ओढलं. प्लग काढलेला असला तरी मोठ्या कॅपेसिटरांत चार्ज शिल्लक असतो. याच्यात दोन्ही बाजूंना पंचावन्न-पंचावन्न व्होल्ट होते. रेझिस्टर लावून ते उतरवले. शिकाऊ असताना एकदा न उतरवता हात घातला होता, तेव्हा पाना हातातून उडून उस्तादांच्या चहाच्या ग्लासात पडला होता. शॉकपेक्षा शिव्या जास्त लक्षात आहेत. मग सिरीज बल्ब लावून, म्हणजे मेनच्या वायरीत मध्ये बल्ब घालून, परत चालू केलं. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. रिले टक् वाजला. आउटपुटला डीसी बारा मिलिव्होल्ट, म्हणजे नसल्यातच जमा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिलेवर टिचकी मारली. काही नाही. रिलेच्या पायांपाशी ड्राय सोल्डरसारखी, म्हणजे जोड सुटल्यासारखी, बारीक वर्तुळं दिसली, तेव्हा आनंदच झाला. सगळे पाय नव्याने सोल्डर केले. चालू केलं. शांतता.

आणि लाईट गेली.

मंडळाचा जनरेटर यायचा होता. चहा आला, खोबऱ्याच्या वड्या आल्या. घाम पुसत बसलो होतो. पोरगा बाजूला गिटार मांडीवर घेऊन नुसताच तारा दाबत होता. म्हणाला, "सकाळीपण असाच. इ तार जोरात मारलंय तर एकदम इलो, नि मगे परत गेलो."

"मेल्या, ह्या आधी सांगूचा नाय?"

"सांगलंय मा फोनार."

सांगितलं होतंच त्याने. हातातली वडी मी बशीत ठेवली.

जळलेला रिले असं करतही असेल, पण हळू वाजवलं की मेलेला आणि जोरात वाजवलं की जिवंत, ही खूण जुनी आहे: कुठेतरी एका कॉन्टॅक्टवर पापुद्र्यासारखा थर बसलाय. छोटा सिग्नल त्याच्या अलीकडेच अडतो. मोठा सिग्नल आला की त्याचं व्होल्टेज थर फोडून क्षणभर पलीकडे जातं. आता प्री-अँप चांगला आणि पॉवर-अँपमध्येही काही सापडलं नव्हतं, तर त्या दोघांच्या मध्ये काय असतं?

अँप फिरवला. मागच्या पट्टीवर दोन भोकं: सेंड आणि रिटर्न. इफेक्टचा पेडल मध्ये जोडायचा असेल तर सिग्नल सेंडमधून बाहेर काढतात आणि रिटर्नमधून आत घेतात. पेडल नसेल तर रिटर्नच्या सॉकेटात एक छोटी पत्ती दुसरीवर टेकलेली असते आणि सिग्नल तिच्यातूनच पुढे जातो. पिन घातली की पत्ती बाजूला होते. आपल्याकडे कुंपणाच्या गडग्याला फाटक म्हणून बेडं असतं ना, तसं. पाहुणा आला की उघडायचं, एरवी बंद. फरक एवढाच, की इथे बेडं मिटलेलं असेल तरच रस्ता चालू.

पोराने त्या भोकात आयुष्यात कधी पिन घातली नव्हती. घरातल्या दिव्याचं बटण निदान रोज घासलं जातं, वर ठिणगी पडून थोडं साफही होतं. ही पत्ती जागची हलली नव्हती, आणि तिच्यातून जाणारा करंट इतका नगण्य की ठिणगीचा प्रश्नच नाही. त्यात देवबागचा वारा. तांब्या-पितळेचं भांडं कळंकतं ते डोळ्यांना दिसतं तरी. ट्रॉलरवरचा वायरलेस सेट माझ्याकडे येतो तो हिरवागार होऊन येतो, उघडल्या उघडल्या खार दिसतो. इथे टॉर्च लावून पाहिलं तर पत्ती नुसती निस्तेज. मीटर लावला, तर कधी चाळीस हजार ओहम, कधी काहीच नाही. तिथे शून्य यायला हवं होतं.

पाऊण तासाने लाईट आली. वीतभर केबल घेतली, दोन्ही टोकांना गिटारच्या केबलला असतात तशा पी-३८ पिना, आणि सेंडमधून रिटर्नमध्ये टाकली. एवढंच. मगाशी चाचपडताना कुणीतरी व्हॉल्यूम पूर्ण चढवून ठेवला होता, ते कुणाच्याच लक्षात नव्हतं. पोराचं बोट तारेला लागलं आणि 'ढम्म्' असा आवाज झाला की मांडवाच्या तोंडाशी बसलेल्या नारळवाल्या बाईने आपल्या ढिगाला मिठी मारली. नंतर तिने ज्या शिव्या दिल्या त्या अस्सल होत्या, इथे लिहीत नाही.

त्या रात्री केबल तशीच ठेवली आणि कार्यक्रम पार पडला. दुसऱ्या दिवशी दुकानात अँप घेऊन सॉकेटात कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पंचवीस-तीस वेळा पिन आत-बाहेर केली. काहीजण पॉलिश पेपर घासतात. तसं करू नये, वरचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसात थर आणखी लवकर धरतो. तरी सॉकेटवर माझा भरवसा बसेना. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवीन मागवलं आणि ते आल्यावर बदलून दिलं. पोराला बजावलं, महिन्याला एकदा पिन घालून काढ, आणि चादरीऐवजी प्लॅस्टिकचं आवरण शिव. खाऱ्या वाऱ्याने काय होतं तेही नीट समजावलं.

आठ दिवसांनी परत फोन.

"काकानू, आवाज गेलो."

पोटात गोळा आला. नवीन सॉकेट, स्वतःच्या हाताने सोल्डर केलेलं. विचारलं, जोरात मारल्यावर येतो का? नाही म्हणाला, अजिबात नाही. मग एकदम काहीतरी सुचलं.

"पाठल्या भोकात काय घातलंस?"

पलीकडे थोडा वेळ नुसता समुद्राचा आवाज.

"तुटक्या केबलची पिन. खारो वारो आत जाता म्हणान बूच मारलंय."

"काढ तां."

'ढम्म्' मला दुकानात फोनवरच ऐकू आलं.