लीगमधली चुरस आकड्यात मोजायची तर

इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमियर लीगचे दोन मोसम घेऊ: लेस्टर सिटी 81 गुणांवर जिंकली तो 2015-16, आणि मँचेस्टर सिटीने गुणांची शंभरी गाठली तो 2017-18.

अंतिम तक्त्यातले 20 संघांचे गुण एका रकान्यात उतरवा आणि आधी बेरीज तपासा. विजयाला 3 गुण, बरोबरीला दोघांना 1-1. म्हणजे 380 सामन्यांचे 1140 गुण, त्यातून बरोबरीत सुटलेला प्रत्येक सामना एक गुण खातो. 2017-18 मध्ये 99 बरोबऱ्या होत्या, म्हणजे बेरीज 1041 यायलाच हवी. गुणकपात झाली असेल (2023-24 मध्ये एव्हर्टनचे 8 कापले गेले) तर कापलेले गुण परत जोडा. ती शिक्षा आहे, खेळ नव्हे.

आता प्रमाण विचलन, म्हणजे संघांचे गुण सरासरीपासून किती फाकलेत त्याचं माप. इथे लीगमधले सगळेच संघ हाताशी आहेत, नमुना नाही, म्हणून भागायचं 20 ने. 2017-18 चं उत्तर 18.7. स्प्रेडशीटमध्ये चुकीचं सूत्र निवडलं की ते 19 ने भागतं आणि 18.7 चे 19.2 होतात. 2015-16 चं उत्तर 15.0.

पण सगळे संघ तोडीस तोड असले तरी नशिबाने थोडी फाकाफाक होणारच. ती किती, हे काढल्याशिवाय 18.7 ला अर्थ नाही. बरेच जण इथे 0.5 भागिले सामन्यांचं वर्गमूळ हे सूत्र चिकटवतात. ते बेसबॉलसारख्या, बरोबरी नसलेल्या खेळाचं आहे. फुटबॉलसाठी असं करा: बरोबरीची शक्यता 0.26, विजय आणि पराभव प्रत्येकी 0.37. सामन्यामागे सरासरी गुण 1.37, गुणांच्या वर्गांची सरासरी 3.59. त्यातून 1.37 चा वर्ग वजा केला की 1.71. गुणिले 38, मग वर्गमूळ: 8.07. (घरच्या मैदानाचा फायदा यात धरलेला नाही.) 18.7 ला याने भागा: 2.32. लेस्टरच्या मोसमाचं गुणोत्तर 1.86. 1 म्हणजे निव्वळ नशीब; आकडा जितका मोठा, तितकी चुरस कमी.

एवढ्यावर थांबू नका. विचलनाला वरचा-खालचा फरक कळत नाही. 2015-16 मध्ये अ‍ॅस्टन व्हिला 17 गुणांवर तळाला होती, आणि सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेतला सुमारे 27 टक्के वाटा तिचा एकटीचा! 2017-18 मध्ये 33 टक्के वाटा विजेत्या सिटीचा. व्हिलाची ओळ खोडून पुन्हा गणित करण्याचा मोह होतो, पण तिच्याविरुद्ध मिळवलेले गुण बाकीच्यांच्या खात्यात तसेच राहतात. त्यापेक्षा हा वाटाच शेजारी लिहावा.

दरवर्षी तोच संघ जिंकतो का, हे वेगळं मोजावं लागतं. दहा मोसमांतल्या विजेतेपदांचे वाटे घ्या, वर्ग करा, बेरीज करा. दरवर्षी एकच संघ जिंकला तर उत्तर 1. 2014-15 ते 2023-24 मध्ये इंग्लंडात सिटी 6, चेल्सी 2, लेस्टर आणि लिव्हरपूल 1-1: 0.42. जर्मनीत बायर्न 9, लेव्हरकुसेन 1: 0.82.