आमची वाटचाल: ड्रममधल्या ऑइलपासून टर्बो गाडीपर्यंत

कारंजा लाडच्या पलीकडं आमचं गाव. बाबांनी इथं स्पेअर पार्ट अन् ऑइलचं दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे ट्रॅक्टरवाले, थ्रेशरवाले अन् डिझेल पंपवाले. २१० लिटरचा ड्रम, त्याला हातपंप, मापानं काढून द्यायचं. ग्रेड कोणी विचारतच नव्हतं, एक "पातळ" अन् एक "जाड", अन् पैसे कापूस निघाल्यावर. ज्या वर्षी सोयाबीन पिवळं पडायचं त्या वर्षी आमची वही पण तशीच.

बाबा सगळ्यांना २०डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल (पहिला आकडा थंड असतानाच्या जाडीचा, दुसरा गरम झाल्यावरच्या) देत, अन् ते बरोबरच होतं. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास चालते, बेअरिंगमधली फट मोठी, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) नाही, काही नाही. आजही आमच्या धंद्याचा पाया तोच आहे, कारवाल्यांच्या भरवशावर इथं दुकान चाललं नसतं.

मग गावातली पोट्टी पुण्याला नोकरीले लागली अन् दिवाळीत सेकंडहँड गाड्या घेऊन यायला लागली. पोलो जीटी टीएसआय (टीएसआय म्हणजे फोक्सवॅगनचं टर्बो पेट्रोल इंजिन), लिनिया टी-जेट, एखादी ऑक्टाविया. त्यात ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, अन् ज्या गाड्या आधी खड्ड्यांमुळं तिसऱ्या गिअरच्या वर जात नव्हत्या त्या आता तासन्‌तास १२० ने चालायला लागल्या. म्हणजे आमच्याकडं येणाऱ्या इंजिनाचं कामच बदललं, अन् दुकानात माल मात्र ट्रॅक्टरचा.

पहिली गाडी आली ती आमच्याच आळीतल्या पोराची टीएसआय. सकाळी स्टार्ट केली की दोन-तीन सेकंद समोरून खडखड, अन् मधूनच इंजिनचा दिवा. जिल्ह्याच्या ठिकाणी एका मिस्त्रीनं त्यात २०डब्ल्यू-५० भरलं होतं, का तर आपला भाग गरम. पोराचे मोठे बाबा सोबत आले होते, मी ५डब्ल्यू-४० चा डबा काढला तर म्हणतात, "अबे, येथं मे महिन्यात लोखंड इतळते अन् तू पान्यासारखं ऑइल टाकून रायला काय गाडीत?" टाकलं. दुसऱ्या दिवशीपासून खडखड बंद, दिवा पण परत लागला नाही. साखळीचा टेन्शनर (साखळी ताणून धरणारा) अन् व्हॉल्व्ह टायमिंगचं (व्हॉल्व्ह कधी उघडायचे त्याचं) सगळं काम ऑइलच्या दाबावर चालते, बारीक बारीक वाटा आहेत, त्यातून जाड ऑइल सकाळी वेळेवर पोचतच नव्हतं, बाकी गाडीला काही रोग नव्हता.

तर हे "भाग गरम म्हणून ऑइल जाड" आमच्या धंद्यात रोज ऐकावं लागते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अकोल्यात हवा ४५ झाली तरी इंजिनाच्या हिशोबानं ती थंडच आहे हो. थर्मोस्टॅट पाणी नव्वदच्या आसपास धरून ठेवते, ऑइल साधारण ९५ ते १०५ वर चालते, जानेवारीत पण अन् मे मध्ये पण, फार तर थोडा फरक. अन् स्टार्ट करतानाचं पाहा. १०० डिग्रीला ज्या ५डब्ल्यू-४० ची जाडी १४ सेंटिस्टोक (ऑइलची जाडी मोजायचं माप) असते ते ४० डिग्रीला ८०-८५ असते, म्हणजे आपल्या भर उन्हाळ्यात सावलीत उभ्या गाडीत सुद्धा ऑइल सहापट जाड बसलेलं असते. २० डिग्रीच्या सकाळी हेच दोनशेच्या वर जाते, अन् २०डब्ल्यू-५० असेल तर पाचशेच्या वर. लोक म्हणतात डब्ल्यू म्हणजे विंटर, आपल्याकडं बर्फ पडत नाही मग ५ अन् २० मध्ये फरक काय? एसएई म्हणजे ऑइलच्या ग्रेड ठरवणारी अमेरिकन संस्था, तिच्या जे३०० स्टँडर्डमध्ये ५डब्ल्यू ची स्टार्टिंगची टेस्ट उणे ३० ला होते अन् २०डब्ल्यू ची उणे १५ ला, हे खरं, पण तिकडं जे पातळ राहते ते बहुतेक वेळा इकडं २० डिग्रीला पण पातळच राहते.

आता दुसरा आकडा. ३० म्हणजे १०० डिग्रीला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे २१.९ पर्यंत. पण जोरात चालणाऱ्या गाडीचं ऑइल १०० वर थांबत नाही. टीएसआयमध्ये समोरच्या स्क्रीनवर ऑइलचं टेम्परेचर दिसते, आम्ही गिऱ्हाईकाला सांगून ठेवतो का समृद्धीवरून आला की आकडा सांग. आरामात चालवणारा १०० ते १०५ सांगतो, पाय दाबून ठेवणारा ११५-१२०. अन् १४ चं ऑइल १२० डिग्रीला साडेनऊच्या आसपास येते, म्हणजे डब्यावर ४० लिहिलेलं असून काम ३० चं करते. जाड ऑइलची गरज पडते ती इथं, ड्रायव्हरच्या पायामुळं. तहसील ऑफिससमोरच्या उन्हाचा त्यात संबंध नाही. फोर्डच्या मस्टँगचंच बघा, अमेरिकेत ५ लिटरच्या जीटीला कंपनी ५डब्ल्यू-२० सांगत होती, अन् त्याच इंजिनवरून रेस ट्रॅकसाठी बनवलेल्या २०१२ च्या बॉस ३०२ ला ५डब्ल्यू-५०. देश तोच, ऊन तेच. बीएमडब्ल्यूच्या जुन्या ई४६ एम३ ला तर १०डब्ल्यू-६०, पण ते इंजिन आठ हजार आरपीएमपर्यंत फिरते, त्याचं बघून आपल्या आय-ट्वेंटीत ६० टाकू नका (असे येतात, खोटं नाही सांगत).

डब्याच्या पुढच्या बाजूचा आकडा वाचून ऑइल घेणाऱ्याला मी डबा फिरवायला लावतो. मागं बारीक अक्षरात एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचा ऑइलचा दर्जा) असते. ५डब्ल्यू-३० चे दोन डबे शेजारी ठेवा, एकावर ए५/बी५, एकावर ए३/बी४. दिसायला एकच ग्रेड. पण १५० डिग्रीला दाबाखाली ऑइलचा थर किती टिकतो त्याची एचटीएचएस नावाची टेस्ट असते, त्यात पहिलं २.९ ते ३.५ च्या मध्ये अन् दुसरं कमीत कमी ३.५. टर्बोच्या शाफ्टला अन् क्रँकच्या बेअरिंगला हाच आकडा वाचवते. ज्या गाडीला कंपनीनं ३.५ वालं सांगितलं तिच्यात २.९ वालं गेलं तर हायवेवर पस्तावाल, अन् डब्यावर तर ५डब्ल्यू-३० च लिहिलेलं राहीन. त्यानंतर गाडीच्या कंपनीचा अप्रूव्हल नंबर, जुन्या टीएसआयला फोक्सवॅगनचा ५०२ ००, नव्या काही इंजिनांना ५०८ ००. हे ५०८ म्हणजे ०डब्ल्यू-२०, हिरव्या रंगाचं, जुन्या इंजिनात अजिबात चालत नाही.

वॉरंटीतली गाडी असेल तर मी मॅन्युअलच्या बाहेर जात नाही, कोणी कितीही म्हणो. एक गिऱ्हाईक यावरून रुसून गेलं, जाऊ द्या. रिमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवून) आणलेली गाडी असेल अन् मॅन्युअलमध्ये ३० अन् ४० दोन्ही लिहिले असतील तर ४० देतो, अन् बदलायचं अंतर कमी करायला लावतो. डायरेक्ट इंजेक्शनवाल्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) टर्बो पेट्रोल गाडीला एपीआय एसपी (अमेरिकेतल्या एपीआय संस्थेचा ऑइलचा दर्जा) पाहतो, कारण कमी आरपीएमला टर्बोत जे आपोआप ठोके पडतात त्याची टेस्ट त्यात आहे, २०२० पासून. ट्रॅक्टरचं उरलेलं डिझेल ऑइल त्यात टाकू नका, किती का भारी असेना.

अन् एक वेगळीच जात आहे, गाडी टर्बो पण चालते घर ते बसस्टँड. इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल सिलिंडरवरून खाली ऑइलमध्ये उतरते, काडी काढून वास घेतला तर पेट्रोल येते, कधी कधी लेव्हल वाढलेली दिसते अन् मालक खुश, का गाडी ऑइल खातच नाही! अशा माणसाला जाड ऑइल देऊन उपयोग नाही, तेही पातळ होणारच. त्याला सांगतो, किलोमीटर मोजू नको, सहा महिने झाले का ये, अन् आठवड्यातून एकदा गाडी लांब फिरवून आण.

धंद्याचं म्हणाल तर सगळ्यात जड गेलं ते माल भरणं. ट्रॅक्टरचा ड्रम फिरत राहतो, पण अप्रूव्हलवाले डबे महाग, पैसे अडकून पडतात, अन् डुप्लिकेटची भीती. म्हणून माल फक्त कंपनीच्या डीलरकडून बिलावर, डबा गिऱ्हाईकासमोर फोडायचा, अन् रिकाम्या डब्याला तिथंच ड्रिलनं भोक पाडायचं, म्हणजे कोणी परत भरून विकणार नाही. बाबांना हे भोक पाडणं अजून पटत नाही, चांगला डबा वाया जाते म्हणतात. जळकं ऑइल आधी लोक चौकटीच्या वाळवीसाठी मागून न्यायचे, आता आम्ही ते साठवून रिसायकलवाल्याला देतो. कारवाल्याला उधारी नाही, कास्तकाराला आहे, हा नियम बाबांचा अन् तो तसाच राहणार.

येताना मॅन्युअल आणा, नसेल तर मागचं बिल आणा. गाडी चालवत आणा, टोचन करून नको, गरम इंजिनातून ऑइल नीट निथळते. टर्बो असेल तर हायवेवरून आल्या आल्या चावी काढू नका, मिनिटभर चालू ठेवा. अन् मे महिन्यात दुपारी बारा ते चार आम्ही काम घेत नाही, ऑइलला काही होत नाही पण शेडच्या पत्र्याखाली माणसाचं टेम्परेचर वाढते.