सातव्या सेमिस्टरला संपवू की आठवंही करू?

पदवी ठरल्या वेळेच्या आधी संपवता येईल हे मला कुणी सुचवलं नव्हतं. उरलेल्या विषयांची यादी घेऊन क्रेडिटची (प्रत्येक विषयाच्या अभ्यासाच्या भाराप्रमाणे मिळणाऱ्या एककांची) बेरीज केली तेव्हा दिसलं, की पुढच्या सेमिस्टरला दोन विषय जास्तीचे घेतले आणि प्रोजेक्टही त्यातच बसवला तर आठव्या सेमिस्टरला करण्यासारखं काही उरत नाही. तेव्हापासून घरी दुसरा विषय नाही. बाबा लगेच म्हणाले, ‘होतंय ना, मग करून टाक.’ आईला माझ्या झोपेची काळजी. दादाने मात्र विचारलं, ‘आधी संपवून त्या सहा महिन्यांत करणार काय आहेस?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरा विचार तिथून सुरू झाला.

आधी पैशांचं बोलते, कारण बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो आणि व्हायलाही हवा. फी सेमिस्टरची एकरकमी असेल तर एक सेमिस्टर वाचलं म्हणजे ती पूर्ण फी वाचली. फी क्रेडिटवर असेल तर तेवढ्याच क्रेडिटचे तेवढेच पैसे भरायचे असतात. मग वाचतो तो फक्त राहण्या-खाण्याचा खर्च. काही ठिकाणी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त विषय घेतले की वेगळी फीही लागते. ‘लवकर संपवलं की पैसे वाचतात’ असं सगळे सरसकट म्हणतात, पण आपल्या विद्यापीठाचा फीचा तक्ता पाहिल्याशिवाय ते खरं धरू नये. आमच्याकडे फी एकरकमी आहे, त्यामुळे माझी बचत खरी होती. माझ्या एका मैत्रिणीवर शिक्षणाचं कर्ज आहे आणि घरात कमावणारं माणूस एकच. तिने एक सेमिस्टर आधी पदवी घेतली, नोकरी धरली, आणि तिने केलं ते अगदी बरोबर केलं. तिच्या जागी मी असते तर इतका विचार करतच बसले नसते.

दुसरा हिशोब वेळेचा. अमेरिकेत पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे आठ सेमिस्टरमध्ये दर वेळी १५. तेच सातमध्ये बसवायचे तर दर वेळी १७ च्या वर जातात. एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास स्वतःचा अभ्यास धरतात. म्हणजे १८ क्रेडिट घेतले तर आठवड्याचे ५४ तास झाले. युरोपातल्या पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास काम धरलं जातं, म्हणून तिथे सहा क्रेडिटचा एक जास्तीचा विषय दीडशे ते एकशे ऐंशी तास खातो. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ च्या शेवटी अशी सवलत मान्य केली: तीन वर्षांची पदवी पाच सेमिस्टरमध्ये, चार वर्षांची सहा किंवा सात सेमिस्टरमध्ये. पण क्रेडिट एकही कमी होत नाही, आणि हा मार्ग पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटीच निवडावा लागतो. ही अट मला शहाणपणाची वाटते. भार सगळ्या सेमिस्टरवर थोडाथोडा वाटला तर पेलतो. माझ्यासारखं शेवटी सुचलं की तो सगळा एकाच सेमिस्टरवर येऊन पडतो.

वेळापत्रकात आणखी अडचणी निघतात. एखादा सक्तीचा विषय वर्षातून एकदाच शिकवतात, एखाद्याला आधीचा विषय पास असावा लागतो, दोन प्रॅक्टिकल एकाच दुपारी येतात. यातलं काही अडत असेल तर पुढचा विचारच नको. माझं अडत नव्हतं.

अडलं ते प्रोजेक्टपाशी. मी भूशास्त्र शिकते आणि माझा प्रोजेक्ट एका ग्रॅनाइटवर आहे. त्याच्या कडेला खनिजांचे कण बारीक आहेत आणि आत मोठे. कारण पुस्तकात आहेच: कडेचा शिलारस (जमिनीखालचा वितळलेला खडक) आजूबाजूच्या थंड खडकाला लागून लवकर निवला, कणांना वाढायला वेळ मिळाला नाही. मला मोजायचंय ते हे, की हा बदल कडेपासून किती आतपर्यंत जातो आणि हळूहळू होतो की एकदम. त्यासाठी कडेपासून आतपर्यंत ओळीने नमुने घ्यायचे आणि प्रत्येकाचं थिन सेक्शन करायचं. खडकाचा तुकडा कापायचा, एक बाजू गुळगुळीत करून काचेवर चिकटवायचा, आणि मग घासत घासत ०.०३ मिलिमीटरवर आणायचा. जाडी बरोबर आली का हे खडकातला क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) सांगतो. मायक्रोस्कोपमध्ये क्रॉस्ड पोलर्सखाली, म्हणजे एकमेकींना काटकोनात लावलेल्या प्रकाशाच्या दोन गाळण्यांमध्ये, तो पिवळा दिसला तर सेक्शन अजून जाड आहे, करडा-पांढरा झाला की थांबायचं. दोनचार हात जास्त फिरले तर खडकच निघून जातो आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर पॉइंट काउंटिंग: स्लाइड ठरावीक अंतराने सरकवत प्रत्येक वेळी मधल्या फुलीखाली कोणतं खनिज आलं आणि तो कण किती मोठा आहे ते लिहायचं, एका स्लाइडवर शेकडो वेळा.

प्रोजेक्टच्या मार्गदर्शक मॅडमना विचारलं, हे सातव्या सेमिस्टरमध्ये होईल का? त्या म्हणाल्या, ‘होईल. नमुने निम्मे कर, काउंटिंग सोडून दे, कणांचा आकार नजरेने अंदाजे लिही. पास होशील, मार्कही बरे पडतील.’ आणि थोडं थांबून, ‘पण मग तुझा प्रश्न तसाच राहील.’

त्यांनी आग्रह केला नाही. पण निम्म्या नमुन्यांवर बदल हळूहळू होतो की एकदम हे कळणारच नाही, हे मलाही दिसत होतं. तीन वर्षांत मला स्वतःला पडलेला हा पहिला प्रश्न आहे. बाकी सगळे प्रश्न पेपरातले होते, त्यांची उत्तरं आधीपासून कुणाला तरी माहीत होती.

शिवाय मला पुढे मास्टर्स करायचंय आणि मी बघितलेल्या सगळ्या ठिकाणी प्रवेश वर्षातून एकदाच होतो. म्हणजे डिसेंबरमध्ये पदवी हातात आली तरी मी उन्हाळ्यापर्यंत तिथेच. अर्जाला शिफारसपत्रं लागतात, आणि पूर्ण काम पाहिलेल्या मॅडमचं पत्र वेगळं असेल. हातात नोकरी असती, किंवा मधल्या महिन्यांसाठी पगारी इंटर्नशिप असती, तर हेच पारडं दुसरीकडे झुकलं असतं.

बाबांना हे सगळं एका संध्याकाळी नीट सांगितलं. फीचा आकडा समोर ठेवला, लपवला नाही. त्यांनी विचारलं, ‘मग शेवटच्या सेमिस्टरला फक्त दगड घासणार?’ प्रोजेक्ट आणि दोन विषय, मी म्हणाले. त्यातला एक संख्याशास्त्राचा, कारण मोजलेल्याचं पुढे काय करायचं ते मला अजून धड येत नाही. याहून कमी घेतलं तर मी पूर्णवेळ विद्यार्थिनी धरली जाणार नाही आणि शिष्यवृत्ती थांबेल, हे ऑफिसात आधीच विचारून घेतलंय. लवकर संपवणाऱ्यांना हा धोका नसतो, पण शेवटचं सेमिस्टर हलकं ठेवणाऱ्यांनी तो नियम जरूर पाहावा.

बाबा पूर्ण पटले असं म्हणणार नाही. फीचा अर्धा भार सुट्टीत काम करून मी उचलायचा असं आमचं ठरलंय. विषयनिवडीचा फॉर्म या आठवड्यात भरते आहे, आणि त्यात पदवीच्या अपेक्षित तारखेचा रकाना मी बदललेला नाही.